डोळ्यातून पाणी येतं म्हणून अमेरिकेला जावं का?

डोळ्यातून सतत पाणी येण्याची तक्रार माझ्यासारख्या फिजिशियनकडे आडूनच येते. माणूस बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला आलेला असतो आणि उठता उठता रुमालाने डोळा टिपत म्हणतो, "डॉक्टर, याला काही थेंब द्या ना." विचारलं तर दोन-तीन वर्षांचं दुखणं निघतं. दुखत नाही, दिसतंही बरं, म्हणून घरात कोणी मनावर घेतलेलं नसतं. हल्ली याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: "मुलाकडे परदेशात चाललोय सहा महिने, तिकडेच दाखवू का?"

याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. त्याआधी पाणी का येतं ते समजून घ्या.

डोळ्यात पाणी सतत तयार होतच असतं. बुबुळ ओलं ठेवायला ते लागतं. वापरून झालेलं पाणी पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला असलेल्या दोन बारीक छिद्रांतून आत जातं. आरशात खालची पापणी किंचित ओढून पाहिलीत तर एक टाचणीच्या टोकाएवढं छिद्र तुम्हालाही दिसेल. तिथून ते अश्रुपिशवीत आणि पुढे नळीने थेट नाकात उतरतं. रडताना नाक गळतं ते यामुळेच, आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशाला लागते तीही यामुळेच. मोरीचं पाणी तुंबलं तर नळ जास्त सुटलाय की जाळी तुंबली आहे, हे आपण आधी बघतो. डोळ्याचंही तसंच आहे.

नळ जास्त सुटण्याची कारणं बरीच आहेत. ॲलर्जी, आत वळून बुबुळाला टोचणारा पापणीचा केस, पापण्यांच्या कडांना आलेली सूज, आणि गंमत म्हणजे कोरडा डोळा. कोरडेपणामुळे पाणी येतं असं सांगितलं की पेशंट माझ्याकडे संशयाने बघतो. पण एसीत तासन्‌तास स्क्रीनकडे बघताना आपण पापणी कमी वेळा मिटतो, डोळा सुकतो, चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्यावर उतारा म्हणून शरीर भसकन पाणी सोडतं. अशा माणसाला ऑपरेशन नको, डोळा ओला ठेवणारे थेंब आणि पापण्यांना गरम शेक हवा.

जाळी तुंबते ती बहुतेक वयामुळे. चाळिशी-पन्नाशीनंतर नळी हळूहळू अरुंद होत जाते आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं. वयाने खालची पापणी सैल होऊन बाहेर वळली, तरी छिद्र पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पाणी गालावर ओघळतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं हेच झालं होतं. ताई सांगलीला असते. आमचे भाऊजी गेले त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. आता विधवा बाईच्या डोळ्यातून पाणी आलं की लोक काय समजणार? लग्नात, बारशाला, देवळात, जो तो जवळ येऊन खांद्यावर हात ठेवी. "आवरा आता, किती दिवस असं." ती बिचारी आमटी वाढत असायची! शेवटी तिने जाणं-येणंच कमी केलं. मला म्हणाली, "अरे, मी रडत नाहीये हे किती जणांना सांगू? आणि खरंच रडू आलं तर कळणार कसं कोणाला?" हे वाक्य मी विसरलेलो नाही. पाणी येणाऱ्या डोळ्याला आपण किरकोळ म्हणतो तेव्हा त्या माणसाला दिवसातून किती वेळा खुलासे द्यावे लागतात, ते आपण मोजत नाही.

भाचा डॅलसला. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. त्याने फोनवर मला ठणकावलं, "मामा, तिकडे चार वेळा थेंब बदलून झाले. आता तिला इकडे आणतो आणि एकदाच काय ते नीट करून टाकतो." त्याच्या बोलण्यात अमेरिकेचा अभिमान कमी आणि आईसाठी काहीतरी केलं पाहिजे ही तळमळ जास्त होती. तिला मी हसलो नाही, तुम्हीही कोणाच्या मुलाला हसू नका.

मी त्याला एवढंच विचारलं, चार वेळा थेंब बदलले, पण नळीत पाणी सोडून कोणी पाहिलं का? कोणीच पाहिलं नव्हतं. या तपासणीला सिरिंजिंग म्हणतात. डोळा बधिर करून, छिद्रातून बोथट सुईने सलाईन सोडतात. घशात खारट लागलं तर नळी मोकळी, उलटं डोळ्यात आलं तर तुंबलेली. पाच-दहा मिनिटांचं काम. आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते नेहमी करतात, कारण तुंबलेल्या पिशवीतले जंतू नुकत्याच ऑपरेशन केलेल्या डोळ्यात गेले तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. ताईला सांगलीतच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोटाने दाबलं, तर चिकट स्राव वर आला. सिरिंजिंगमध्ये सगळं सलाईन उलटं परतलं. निदान झालं.

यावर थेंब चालत नाहीत. डीसीआर नावाचं ऑपरेशन लागतं. अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामधल्या पातळ हाडाला खिडकी पाडून पाण्याला नवी वाट करून देतात. इटलीतल्या अ‍ॅडेओ टोटी यांनी 1904 मध्ये याची पद्धत मांडली. म्हणजे हे कुठल्या परदेशी लॅबमधलं कालचं तंत्र नाही. नाकाच्या बाजूला छोटा छेद घेऊन करतात किंवा नाकातून दुर्बिणीने, मग बाहेर व्रणही राहत नाही. चांगल्या हातांत दहापैकी नऊ जणांना गुण येतो. आपल्या राज्यातल्या मोठ्या शहरांत हे नियमित होतं, आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत तर केवळ अश्रुमार्गाच्या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

भाच्याला मी मग हिशेब सांगितला. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचा प्रवास विमा सहसा आधीपासूनच्या आजाराला पैसे देत नाही, म्हणजे सगळं खिशातून. डोळ्यांच्या साध्या डॉक्टरकडून पापणी-अश्रुमार्गाच्या तज्ज्ञाकडे जायचं, तारीख मिळायची, यात मुक्काम निम्मा संपतो. ऑपरेशननंतर काही वेळा नव्या वाटेत सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात, ती काही आठवड्यांनी काढावी लागते. तोवर ताई परत सांगलीत. ज्याने ऑपरेशन केलं त्यानेच पुढे बघावं, हे सोयीचं आणि सुरक्षितही. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मग मीच येतो." तीन आठवडे रजा काढून आला आणि ऑपरेशनच्या रात्री आईजवळ हॉस्पिटलात झोपला. अमेरिकेची वारी तिने पुढच्या उन्हाळ्यात केली, फिरायला.

उलटही घडतं. जर्मनीत राहणाऱ्या एका जोडप्याचा मला फोन आला होता. चार महिन्यांच्या बाळाचा डोळा पाणावतो, चिपडं येतात, आणि तिथले डॉक्टर म्हणतात मालिश करा आणि थांबा. "हे काही करतच नाहीत, आम्ही पुण्याला आणतो." मी म्हटलं, आणू नका, ते बरोबर सांगतायत. नाकाकडच्या टोकाला पातळ पडदा उघडायचा राहिलेला असतो. दहापैकी नऊ बाळांत तो पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप उघडतो. कोपऱ्यावर स्वच्छ बोटाने दाबून खाली नाकाकडे मालिश करायची, दिवसातून तीन-चारदा. आजीच्या सांगण्यावरून काजळ किंवा तूप घालायचं नाही. मात्र बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट वाटत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा, तो जन्मजात काचबिंदू असू शकतो.

परदेशात राहणारे जे वाचक इथे येऊन ऑपरेशन करायचं म्हणतात, त्यांनी दहा दिवसांच्या सुट्टीत ते बसवू नये. सुरुवातीचे दिवस नाक शिंकरायचं नसतं, रक्त येऊ शकतं. तीन-चार आठवडे हाताशी ठेवा आणि नळी कधी, कुठे काढायची ते ऑपरेशनआधीच ठरवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. बीपी आणि साखर तपासून या.

आणि नाकाशेजारचा कोपरा अचानक लाल होऊन सुजला, ठणकायला लागला, ताप आला, तर पिशवीत पू झालाय असं समजा. तेव्हा इथे की तिथे याचा विचार करू नका. दाबू नका, विमानात बसू नका. जिथे असाल तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठा.