'लोकल'चा गठ्ठा

पिरंगुट ओलांडलं की कासार आंबोली. तिथल्या एका प्रेस शॉपमध्ये मी सहा वर्षं एचआरला होतो. गेटवर आलेल्या अर्जांचे आम्ही दोन गठ्ठे करायचो. एकावर पेन्सिलीनं 'लोकल' लिहिलं की तो कपाटात जायचा. "मुळशीची पोरं युनियन करतात, जत्रा आली की दांड्या मारतात," असं साहेबांचं मत. हेल्पर हवे असले की ठेकेदाराला फोन. बिहार-ओडिशाची पोरं दुसऱ्या दिवशी हजर. त्यांच्यावरही प्रेम नव्हतंच. बारा तास राबतात आणि गप्प राहतात, एवढंच.

भरतीच्या टेबलाला आम्ही पाच जण, सगळे पुणे शहरातले, घरंही एकमेकांच्या ओळखीची. 2008 च्या शासन निर्णयाप्रमाणे पर्यवेक्षकांत 50 आणि इतर कामगारांत 80 टक्के स्थानिक हवेत. स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. म्हणजे आम्ही पाचही स्थानिक! ठेकेदाराची माणसं आमच्या पत्रकात धरलीच जात नव्हती, त्यामुळे आकडा नेहमी जुळायचा. पत्रक मीच भरायचो. त्याची मला आजही लाज वाटते.

एका पावसाळ्यात पौडच्या बाजूच्या कातकरी वस्तीतला एक तरुण आला. त्याच्या आधी या खोऱ्यात कोण होतं? पण 'लोकल'च्या गठ्ठ्यातही त्याला जागा नव्हती, कारण अर्जच नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, बस्स. शाळा चौथीपर्यंत.

प्रेसवरच्या उडिया ऑपरेटरनं त्याच्यापुढे वीस ब्रॅकेट ठेवले आणि कापलेल्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखर, कुठं राहिलीय ते शोधायला सांगितलं. त्यानं प्रत्येकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, आणि तीन नग बाजूला काढले. क्वालिटीवाल्यानं भिंगातून पाहिलं. तिन्ही बरोबर. ऑपरेटर म्हणाला, "साहब, इसको रख लो."

साहेब म्हणाले, "दिवाळी झाली की वीटभट्टीवर पळेल."

नकार सांगायला मीच बाहेर गेलो. "भट्टीवर जायलाच लागतं का रे?" मी विचारलं.

"उचल घेतलीय, दादा. फिटेस्तोवर जावंच लागतं."

किती उचल, हे मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात स्टाफमधल्या एकाला मोटारसायकलसाठी पगारातून ॲडव्हान्स दिला होता. त्या व्हाउचरवर सही माझीच होती.