खलनायकाच्या भीतीतील वाटेकरी

पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) या कादंबरीच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. व्हेनिसमधील घरात मार्ज शेरवूडला एका लहानशा पेटीत डिकी ग्रीनलीफच्या अंगठ्या सापडतात. डिकीचा खून टॉम रिप्लीने केला आहे हे मार्जला ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे. टॉमच्या हातात त्या क्षणी एक बूट आहे. त्याच्या टाचेने मार्जवर प्रहार करावा आणि मग तिला कालव्यात लोटून द्यावे, असा बेत त्याच्या मनात आकार घेऊ लागतो. तोंडाने मात्र तो अंगठ्यांविषयी एक खोटी हकिगत सांगतो. मार्ज ती खरी मानते. डिकीने आत्महत्या केली असावी, असा निष्कर्ष तीच काढते आणि तिचा जीव वाचतो.

ज्या वाचकाची पाठ या प्रसंगाने कधी सोडली नाही, तो विद्यापीठात साहित्य शिकवणारा एक अध्यापक होता. पहिल्या वाचनात, रात्री उशिरा, या पानापाशी आल्यावर मार्जने टॉमवर विश्वास ठेवावा अशी उत्कट इच्छा त्याच्या मनात निर्माण झाली. तिने विश्वास ठेवला तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वासही टाकला. ही सुटका कुणाची, असा प्रश्न त्याला पडला तो दुसऱ्या दिवशी. मार्जचा जीव वाचावा ही इच्छा निर्दोष होती. खुन्याचे असत्य पचावे ही इच्छा निर्दोष नव्हती. परंतु लेखिकेने दोन्ही इच्छा अशा एकत्र गुंफल्या होत्या की एक धरून दुसरी सोडणे शक्यच नव्हते. दयेच्या वाटेने जाणारा वाचक नकळत गुन्ह्याच्या अंगणात येऊन उभा राहिला होता.

या अनुभवाने तो अस्वस्थ झाला, याचे एक कारण त्याच्या वाचनसंस्कारांत होते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या पिढीतला तो. झुंजारसारखा नायक पाठीशी असला की रहस्य कितीही गडद झाले तरी शेवटी उजेड पडणार, हा दिलासा त्या कथांच्या पहिल्या पानापासूनच मिळत असे. पुढे काव्यशास्त्राच्या अभ्यासात धनंजयाच्या ‘दशरूपका’तील प्रतिनायक भेटला. लोभी, उद्धत, पापाचरणी आणि व्यसनी अशा त्या शत्रूची लक्षणे नेमकी होती आणि त्याला ओळखण्यात गफलत होण्याचा संभव नव्हता. ॲरिस्टॉटलनेही दुष्ट मनुष्याचा दुर्दैवाकडून सुदैवाकडे होणारा प्रवास शोकात्मिकेला सर्वथा परका ठरवला होता. रिप्लीचा प्रवास नेमका तोच आहे. न्यूयॉर्कमधील लहानसहान लबाड्यांपासून निघालेला हा तरुण दोन खून पचवून, डिकीच्या वारशाचा धनी होऊन ग्रीसमध्ये उतरतो. धक्क्यावर पोलीस उभे असतील अशी त्याची कल्पना असते. तिथे कुणीही त्याला धरायला उभे नसते.

रिप्लीला ‘करड्या रंगाचे पात्र’ म्हणून हा पेच सुटत नाही. त्याच्यात थोडे चांगले आणि थोडे वाईट मिसळले आहे, म्हणून तो संदिग्ध ठरतो असे म्हणणे सोयीचे असले तरी संहितेला धरून नाही. आईवडील बुडून मेले, मावशीने हिणवत वाढवले, पाण्याची भीती कायमची मनात बसली, हे तपशील हायस्मिथ देतात. पण त्यांचा उपयोग वकिलाच्या युक्तिवादासारखा करीत नाहीत. रस्कोल्निकोव्हला सोन्या भेटते, कबुलीजबाब आणि सायबेरिया भेटतो. रिप्लीच्या वाटेत अशी सोन्या नाही, आणि तिची उणीव त्याला जाणवतही नाही. येथील संदिग्धता पात्राच्या स्वभावापेक्षा निवेदनाच्या रचनेत अधिक आहे.

कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी आहे. परंतु हा निवेदक रिप्लीच्या जाणिवेबाहेर पाऊल टाकत नाही. जे रिप्लीला दिसते तेच वाचकाला दिसते. ज्याची त्याला धास्ती वाटते त्याचीच वाचकालाही वाटते. दीर्घकाळ एकाच पात्राच्या अंतरंगात राहिल्याने वाचकाची सहानुभूती त्या पात्राकडे झुकते, मग ते पात्र सहानुभूतीला पात्र असो वा नसो, याकडे वेन बूथ यांनी ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (१९६१) मध्ये लक्ष वेधले होते. हायस्मिथ त्या तत्त्वाला त्याच्या टोकापर्यंत नेतात. मनोविश्लेषणात्मक थरारकथेचे मुख्य चलन भीती आहे, आणि ज्याच्या भीतीत आपण वाटेकरी होतो त्याच्या नीतीची चौकशी आपण तूर्त लांबणीवर टाकतो. न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’त वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी त्याची स्वतःविषयीची जाणीव जागी असते. रिप्ली वाचताना या ‘विकल्पा’चीच कसोटी लागते. जाणीव जागी असते खरी. पण ती पहारा न करता केवळ पाहत राहते.

या सामर्थ्याची धास्ती चित्रपटसृष्टीने वेळीच ओळखली असावी, असे दिसते. हायस्मिथ यांच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५०) या पहिल्या कादंबरीत गाय हेन्स हा वास्तुविशारद ब्रुनोच्या दडपणाखाली अखेर खरोखरच खून करतो. हिचकॉक यांच्या १९५१ च्या चित्रपटातील गाय टेनिसपटू आहे आणि त्याचे हात स्वच्छ राहतात. रने क्लेमां यांच्या ‘प्लें सोलेय’ (१९६०) मध्ये ॲलें दलों यांनी रिप्ली साकारला. मात्र तेथे नौका पाण्याबाहेर ओढली जात असताना तिच्यामागून प्रेत वर येते आणि गुन्हेगाराचा शेवट जवळ आल्याचे सूचित होते. हा शेवट हायस्मिथ यांना लोकनीतीपुढे पत्करलेली शरणागती वाटला. अँथनी मिंगेला यांच्या १९९९ च्या चित्रपटात रिप्ली कायद्यातून सुटतो. पण एकाकीपणाची शिक्षा त्याच्या वाट्याला येते. मूळ कादंबरीतील वाचकाचे अपराधीपण पडद्यावर आणताना ते कुठेतरी हलके करण्याची गरज या तिघांनाही, आपापल्या परीने, भासली.

अध्यापक ही सारी मांडणी वर्गात करीत असे, आणि विद्यार्थ्यांना ती पटतही असे. तिच्यातील एक जागा मात्र त्याने अनेक वर्षे तपासली नव्हती. ती तपासण्याची वेळ आली ती एका चौकशी समितीमुळे. एका संशोधक विद्यार्थिनीने तक्रार केली होती की तिच्या प्रबंधातील एक प्रकरण विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने स्वतःच्या नावावर छापले. समितीची बैठक होण्याच्या आदल्या संध्याकाळी तो सहकारी अध्यापकाच्या घरी आला. तो काकुळतीला आला होता. कन्येचे लग्न, निवृत्तीला उरलेली दोन वर्षे, रात्री न लागणारी झोप, हे सारे त्याने सांगितले आणि त्यातले काहीच खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनी बोलली ती कागद पुढे ठेवून, तुटक, काहीशा उद्धट स्वरात. अध्यापकाला ती आवडली नाही. पुरावा अपुरा आहे, असा शेरा समितीने मारला. त्याचा मसुदा अध्यापकानेच केला होता. पुढच्या सत्रात ती विद्यापीठ सोडून गेली.

काही महिन्यांनी शिकवण्याच्या निमित्ताने त्याने कादंबरी पुन्हा हाती घेतली, आणि या वेळी तो मार्जच्या प्रसंगाच्या कितीतरी आधी, फ्रेडी माइल्सपाशी अडखळला. रोममधील घरात टॉम डिकी म्हणून राहत असताना फ्रेडी तिथे येतो. टॉमच्या अंगावरील डिकीच्या वस्तू त्याच्या लक्षात येतात. तो खाली उतरतो, घरमालकिणीकडे विचारणा करतो आणि जिना चढून पुन्हा वर येतो. टॉम जड काचेच्या रक्षापात्राने त्याला ठार मारतो. पहिल्या वाचनात फ्रेडी हा केवळ एक स्थूल, आगंतुक, असभ्य माणूस होता. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की या कादंबरीत डोळे उघडे ठेवून पाहणारा तोच होता. दुसऱ्या एखाद्या लेखकाने हीच गोष्ट जिन्याच्या बाजूने सांगितली असती, तर फ्रेडी नायक ठरला असता. अर्नाळकरांच्या कथेत तो झुंजार असता. येथे तो बळी आहे, आणि त्याच्या मृत्यूचे दुःख वाचकाला होत नाही, कारण त्याचे असभ्यपण टॉमच्या नजरेने आधीच नोंदवून ठेवलेले आहे. खुनाची तयारी रक्षापात्राच्या कितीतरी आधी विशेषणांनी केलेली असते.

त्या उद्धट मुलीचा स्वर अध्यापकाला त्या क्षणी ऐकू आला. तिचे कागद त्याने वाचले होते; पण आदल्या संध्याकाळी ज्याची भीती त्याने वाटून घेतली होती, त्याच्या बाजूने वाचले होते.

थरारकथा वाचल्याने माणूस बिघडतो, असा निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे होईल. साहित्य कुणाला आयती नीती देत नाही आणि अनीतीही देत नाही. नैतिक संदिग्धतेची भलावण करण्याची जी प्रथा समीक्षेत रूढ झाली आहे तिच्याविषयी मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘येथे कोणीच पूर्णपणे दोषी नाही’ असे म्हणताना समीक्षक पुष्कळदा संहितेचा निवाडा सांगत नसतो. ज्याच्या अंतरंगात त्याला जागा मिळाली त्याचे म्हणणे तो पुढे चालवीत असतो. डिकी आणि फ्रेडी यांना अंतरंग नव्हते असे नाही. ते वाचकासाठी उघडले गेले नव्हते, इतकेच. हायस्मिथ यांची थोरवी अशी की त्या फसवणूक लपवीत नाहीत. फ्रेडीने पाहिलेल्या सर्व खुणा पानावर आहेत. ज्याला त्या मोजायच्या असतील त्याने पुन्हा वाचावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

त्यानंतर अध्यापकाने वर्गातील मांडणी बदलली. बूथ राहिले, केळकर राहिले, हिचकॉक आणि क्लेमांही राहिले. प्रारंभी मात्र तो विद्यार्थ्यांना एकच काम सांगू लागला: कादंबरीतील एक प्रकरण निवडा आणि जो त्यात बोलत नाही, त्याला काय माहीत होते ते लिहून आणा. विद्यापीठ सोडून गेलेल्या त्या मुलीला त्याने एक पत्र लिहिले आणि कुलसचिवांकडे आपल्या शेऱ्याच्या फेरविचाराची विनंती पाठवली. पत्राचे उत्तर आले नाही. विनंती दाखल करून घेतल्याची पोच तेवढी मिळाली.