मावशीला पुढं बसवायला काय लागतं?

मे २०१७. पुण्यात देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं. आईचं गर्भाशय लेकीला. मी बातमीला 'चमत्कार!' असा मथळा देऊन मोकळा झालो. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यातच दुसऱ्या एका लेकीला मुलगी झाली. जिथं आई वाढली, तिथंच लेकही वाढली!

पण मंडळी, हे सोपं नाही. दोघींवर मोठी शस्त्रक्रिया, शरीरानं अवयव नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, सिझेरियन आणि मूल झालं की गर्भाशय परत काढायचं. आपल्या तालुक्यातल्या किती जणींना हे झेपेल, परवडेल?

माझ्या मावशीला मूल नाही. ओटीभरणाला तिला अजूनही मागं बसवतात. शास्त्र पुढं जाईल तेव्हा जाईल. तिला पुढं बसवायला कुठलं ऑपरेशन लागतं, सांगा बरं?