मित्र आले, जेवायला कुठे न्यायचे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या साकीनाक्याच्या घरी कॉलेजचे जुने मित्र दोन दिवसांसाठी आले. मुंबई पाहायची, पोटभर बोलायचे आणि बाहेर जेवायचे, एवढाच बेत होता. वाचकहो, मुंबई दाखवणे सोपे आहे. मित्रांना जेवायला कुठे न्यायचे हे ठरवणे अवघड. त्यात आम्ही उभयता कसे चुकलो, हे प्रांजळपणे सांगावे म्हणून हा लेख.

आम्ही पाच जण औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. आम्ही दोघे, नागपूरचा एक, नाशिकचा एक आणि लातूरचा एक. बाबासाहेबांनी १९५० साली उभ्या केलेल्या त्या नागसेनवनात आमची घडण झाली. नामांतराच्या लढ्याचे ते दिवस. वसतिगृहाच्या मेसमध्ये वरण पातळ असे. पण ज्याची मनिऑर्डर उशिरा येई, त्याचे ताट दुसऱ्याच्या नावावर लिहिले जाई आणि त्याचा उल्लेख पुन्हा कुणी करीत नसे. लातूरचा मित्र रात्री एका छापखान्यात काम करी. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच्याच नावावर आम्हा सर्वांची ताटे चढत.

पुढे वाटा फुटल्या. नागपूरचा बँकेत लागला, नाशिकचा सरकारी नोकरीत, आम्ही दोघे शिक्षक झालो. लातूरच्या मित्राला घरच्या अडचणीमुळे पदवी अर्धवट सोडावी लागली. तो एसटीत कंडक्टर झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याची पेन्शन तीन हजारांच्या आत. हे आम्हाला ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि ध्यानात ठेवणे यांत फरक असतो.

मित्र येणार म्हटल्यावर आमचा मुलगा हौसेने पुढे झाला. तो पवईला कंपनीत आहे. त्याने मोबाईलवर पाहून यादी केली: वांद्रे, लोअर परळ, बीकेसी, कुलाबा. प्रत्येक ठिकाणी माणशी दीड-दोन हजारांचे बिल. आम्हालाही वाटले, आयुष्यभर काटकसर केली, आता एकदा होऊ द्या. मित्रांनाही दिसू दे की आम्ही मुंबईत नीट स्थिरावलो आहोत. ती यादी आम्ही सर्वांना वॉट्सअॅपवर पाठवून दिली.

नागपूरचा मित्र म्हणाला, "झकास!" नाशिकच्याने अंगठा दाखवला. लातूरहून दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "गुडघे फार दुखताहेत. आमचं जमणार नाही. तुम्ही मजा करा. जयभीम."

आमच्यातल्या एकीला हे खरे वाटेना. तिने वहिनींना फोन लावला. वहिनी आधी टाळत राहिल्या, मग म्हणाल्या, "ताई, गुडघ्यांचं निमित्त आहे. तुमच्या यादीतल्या एका जेवणात आमच्या घरचा महिन्याचा किराणा जातो. तुम्ही पैसे भराल हो, पण चार वेळा दुसऱ्याच्या पैशानं जेवायचं, हे यांना चालत नाही. मला म्हणाले, मेसमध्ये मी वाढून घेतलं नाही, आता कसं घेऊ?"

फोन ठेवला आणि आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. ज्याच्या नावावर आमची ताटे चढत होती, त्यालाच आम्ही पंगतीबाहेर बसवले होते.

त्या रात्री गावाकडची एक गोष्ट आठवली. आमच्या दोघांच्याही गावात स्टँडजवळ चहाचे हॉटेल होते. आपल्या माणसांसाठी बाहेर कुडाला कान तुटलेली कपबशी अडकवलेली असे. ती आपण काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवे बसून प्यायचा, कपबशी आपणच विसळून परत अडकवायची आणि पैसे पायरीवर ठेवायचे. अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५ साली आला. हॉटेलात भांडी वेगळी ठेवणे त्याने गुन्हा ठरवले. त्याच कायद्याचे नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. आम्ही लहानपणी पाहिलेली कपबशी कायदा झाल्यानंतरची आहे, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे.

हॉटेलात बसून चहा पिणे ही आपल्या समाजाला सहज मिळालेली गोष्ट नव्हे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला. खुद्द बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. खरे कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात, दुसऱ्या पोटकलमात, दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे सर्वांना खुली झाली. लगेच त्याखाली विहिरी, तळी, घाट आणि रस्ते. हॉटेल आणि तळे एकाच पोटकलमात शेजारी शेजारी आहेत! नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा चालू असताना प्रश्न आला, की 'दुकान' म्हणजे धोब्याचे, न्हाव्याचे दुकानही धरायचे का? बाबासाहेबांनी सांगितले, की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे.

जातीने बंद केलेले दार आणि खिशाने बंद झालेले दार ही दोन दुःखे एक नव्हेत. ती एकाच मापाने मोजू नयेत. पण दाराबाहेर राहिलेल्या माणसाची मान दोन्हीकडे खालीच जाते. पहिले दार दुसऱ्यांनी लावले होते. हे दुसरे दार तर आम्हीच लावले होते, तेही हौसेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी रद्द केली. आम्ही लातूरला फोन केला आणि मित्राला म्हटले, "अरे, चूक झाली आमची. आता असं करू. सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, एका डब्यात टाकायचे, बाहेरचं सगळं त्यातूनच. आकडा तू सांग." तो पलीकडे थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माणशी आठशे. प्रवास धरून. मुंबईत भागेल का?" आम्ही म्हणालो, "भागवू. कंडक्टर तूच, हिशोब तुझ्याकडे." तो हसला तेव्हा कळले, की गुडघे बरे झाले.

मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि चार प्रश्न लिहिले. एक, सर्वांत कमी मिळकत असलेल्या मित्राला हे परवडेल का? दोन, प्रत्येकाच्या पथ्याचे काही मिळेल का? नागपूरच्या वहिनींना मधुमेह. नाशिकचा मित्र श्रामणेर शिबिर करून आल्यापासून शाकाहारी. लातूरच्या जोडप्याला मात्र ताज्या मासळीची आस. तीन, जिने किती चढायचे, आणि बायकांसाठी संडासाची सोय आहे का? साठी उलटलेल्यांच्या सहलीत हा प्रश्न पहिलाही ठरतो. चार, गाडी न करता जाता येईल का? मुलाने पुन्हा मोबाईल काढला, पण या वेळी प्रश्न आमचे होते.

शनिवारी सकाळी मंडळी घाटकोपरला उतरली. तिथून मेट्रोने साकीनाका तिसरे स्थानक. २०१४ साली ही मेट्रो आली, त्यापूर्वी अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या कोंडीत पाहुण्यांचा अर्धा उत्साह संपून जाई. पहिला नाश्ता नाक्यावरच्या साध्या उडप्याकडे. खैरानी रोडच्या वर्कशॉपमधले कामगार तिथे उभ्याउभ्या इडली-वडा खाऊन पाळीवर जातात. साकीनाका ही कष्टकऱ्यांची वस्ती. कोकणातला, उत्तर प्रदेशातला, दक्षिणेतला माणूस इथे राबतो. त्यामुळे इथे प्रत्येकाच्या गावची चव थोड्या पैशांत मिळते. लातूरच्या मित्राने बिल दिले, वहीत आकडा मांडला आणि म्हणाला, "हे बरं आहे. भिडस्त माणसानंसुद्धा दुसरी प्लेट मागावी."

दुपारी एक स्थानक पुढे मरोळ नाक्याला जाऊन भुयारी मेट्रो धरली. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते. फोर्टात बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय बाहेरून पाहिले आणि रमतगमत धोबी तलावला कयानीत गेलो. हे इराणी हॉटेल १९०४ सालचे. मुंबईच्या इराण्यांकडे संगमरवरी टेबलाभोवती हमाल, कारकून, विद्यार्थी शेजारी बसत. एका चहावर तास काढता येई. गावाहून आलेल्या आपल्या कित्येकांनी खुर्चीवर बसून कपातला चहा पहिल्यांदा प्यायला तो इराण्याकडेच. ब्रून मस्का, चहा, खिमा-पाव मागवला. शाकाहारी मित्राला आम्लेटही चालेना, तेव्हा त्याने मस्क्याचे दोन पाव जास्त खाल्ले आणि तक्रार केली नाही.

रात्री घरीच जेवण. नाक्यावरच्या बाजारातून ताजे बोंबील आणले. वहिनींनी लातूरहून ज्वारीचे पीठ आणले होते. चुलीवर वजडीही होती, शाकाहाऱ्यासाठी पिठले. नागपूरचा मित्र म्हणाला, "हे कोणत्या हॉटेलात मिळतं रे?" खरेच, कुठे मिळते? मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले, तेव्हा कुठे या पदार्थांची नावे छापील पानावर आली. हॉटेलांच्या यादीत त्यांना अजून जागा नाही. म्हणून मित्रांच्या दोन दिवसांत एक जेवण तरी घरचे ठेवावे, असे आमचे मत झाले आहे.

रविवारी लवकर निघालो, कारण उशीर केला तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. माटुंग्याला उतरून १९४० सालच्या कॅफे मद्रासपुढे उभे राहिलो. सुटीच्या दिवशी तिथे दारात नाव सांगायचे आणि पुकारा होईपर्यंत बाहेर थांबायचे. हिशोबनीस म्हणून लातूरचा मित्र पुढे गेला आणि नुसते पहिले नाव सांगून आला.

नाशिकचा म्हणाला, "आडनाव का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "सवय झाली रे. तीस वर्षं गावोगावच्या स्टँडवर मुक्काम केले. जेवायला बसताना पहिलंच नाव सांगायचो. पुढचं विचारलं तर विषय बदलायचो."

कुणी काही बोलले नाही. आम्हालाही आमच्या भाड्याच्या खोल्या शोधण्याचे दिवस आठवले. थोड्या वेळाने तो आपण होऊन पुन्हा दारापाशी गेला आणि पूर्ण नाव लिहवून आला. पंधरा-वीस मिनिटांनी आतून मोठ्याने त्याचे आडनाव पुकारले गेले, "सात जण!" आम्ही आत गेलो. डोसा खाणाऱ्यांपैकी कुणी मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. त्या न पाहण्याचे मोल आमच्या वडिलांच्या पिढीला कळले असते.

तिथून चालत हिंदू कॉलनीत राजगृहापुढे थांबलो, मग चैत्यभूमीवर वंदन केले. दुपारी दादरला आस्वादमध्ये मिसळ आणि थालीपीठ. ते १९८६ पासूनचे उपाहारगृह, जिना नाही, आणि शाकाहारी मित्राला अखेर निवडीला वाव मिळाला. लातूरच्या वहिनींनी मिसळीची तर्री पुन्हा मागितली आणि आम्हाला फार बरे वाटले.

निघताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ३४० रुपये उरले. वाटून घ्यायचे तर सात जणांचा हिशोब नीट जमेना. कंडक्टरसाहेबांनी निर्णय दिला, "राहू द्या डब्यात. पुढची भेट लातूरला. जागा मी निवडणार."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यातले अनेक जण आता शिकून चार पैसे मिळवू लागले आहेत. मित्रांना चांगल्या ठिकाणी न्यावे, जरूर न्यावे. फक्त यादी करण्याआधी पाहावे, की आपल्यातला कोण गुडघ्यांचे निमित्त सांगतो आहे. त्याला आधी फोन करावा, आणि आकडा त्याला विचारावा.

तो डबा लातूरला गेला आहे. आम्ही बोलावण्याची वाट पाहत आहोत.