पालिओ, पंचा आणि हेअर ड्रायर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोन-तीन जणांनी विचारलं, "काय, ब्लॉग बंद का?" बंद नाही हो, गाडी बंद होती. आणि ती का बंद पडते हे कळेपर्यंत डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

नातेवाईकांना गाडी माहीत आहे. दादाची पालिओ. बाकीच्यांसाठी सांगतो. फियाटची पालिओ भारतात २००१ साली आली, सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. त्यातली १.६ जीटीएक्स म्हणजे १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह आणि शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन एवढ्याशा गाडीत कोंबलेलं. त्या काळी लोक मारुतीत समाधानी असताना हा प्रकार म्हणजे माजच होता. दादानं २००७ मध्ये पुण्यात सेकंड हँड घेतली आणि पहिल्यांदा देवपुरात आणली तेव्हा गल्लीतली पोरं तिला 'स्पोर्ट कार' म्हणायला लागली. खरी स्पोर्ट्‌स कार म्हणजे गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म, फायबरच्या बॉडीची, दोनच सीटांची, रेनॉच्या इंजिनाची. पण ती आमच्या धुळ्यात कोण बघायला गेलंय? आम्हाला पालिओच स्पोर्ट कार.

दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याबद्दल इथे आधी लिहिलंय, पुन्हा नको. गाडी वहिनींच्या नावावर झाली, नंतर नोंदणीचं नूतनीकरणही केलं. (२०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी ६०० ची ५००० झाली. भरताना वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात वॉशिंग मशीनचा हप्ता निघाला असता." पण भरले.) गेल्या वर्षी पुतण्याला लायसन्स मिळालं आणि गाडी पुन्हा अंगणाबाहेर पडायला लागली.

तर झालं असं. मे महिना, दुपारचे तीन. पुतण्या मालेगावहून परत येत होता. लळिंगचा घाट उतरताना इंजिन बंद. आचके नाहीत, खोकणं नाही, एकदम दिवा विझावा तसं. ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्यात त्यांना वाटेल, त्यात काय, क्लच दाबायचा आणि कडेला घ्यायची. पण इंजिन मेलं की पॉवर स्टेअरिंगही मरतं, चाक दगडासारखं जड होतं. ब्रेकला जी व्हॅक्यूमची मदत असते ती एक-दोन दाबांपुरती शिल्लक राहते. पोरानं घाबरून तीन-चार वेळा ब्रेक मारला आणि मग पॅडल लाकडासारखं कडक झालं. मागे ट्रक. हँडब्रेक ओढत ओढत त्यानं कशीबशी गाडी कडेला लावली. ट्रक हॉर्न वाजवत जवळून निघून गेला. त्यानं हे सगळं मला सांगितलं, आईला फक्त "गाडी बंद पडली" एवढंच. पण आयांना न सांगितलेलंच आधी कळतं.

गाडी टोचन करून शहरातल्या एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसानं स्टार्टर मारला, इंजिन फिरत होतं पण पकडत नव्हतं. मागच्या सीटजवळ कान लावला, पेट्रोल पंपाचा आवाज नाही. निदान झालं, पंप गेला. संध्याकाळपर्यंत नवा पंप टाकला, किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात गाडी चालू! त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो.

आठ दिवसांनी मी आणि नाना शिरपूरहून येताना सोनगीरच्या अलीकडे तीच गाडी तशीच मेली. नवा पंप असताना.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे माझे वडील, वय ७८, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. डिझेल इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला नोझल खराब आहे सांगायचे. शिवाय साहेबांच्या प्रीमियर पद्मिन्याही त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पद्मिनीचा एक उन्हाळी रोग होता. कडक उन्हात इंजिनावरच्या पंपात पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी थांबायची. उपाय ठरलेला, पंपावर ओलं फडकं. त्या काळी मुंबई-आग्रा रोडवर बॉनेट उघडून फडकं पिळणारे लोक मी लहानपणी पाहिलेत.

नानांनी खाली उतरून खांद्यावरचा पंचा बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि निकाल दिला, "पेट्रोलनी वाफ व्हयनी, दुसरं काही नही."

मी म्हटलं, नाना, हिचा पंप टाकीत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला, आणि पाइपात दाब एवढा असतो की वाफ सहजासहजी धरत नाही. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या पेन्शनवर शंका घेतली. पंप दिसेना म्हणून त्यांनी पंचा इंजिनावर जमेल तिथे पसरला. एक दूधवाला थांबला, "काय व्हयनं भाऊ?" विचारून, सल्ला देऊन गेला. आणि पाऊण तासानं गाडी चालू झाली! नाना काही बोलले नाहीत. पण घरी पोचेपर्यंत जे न बोलणं होतं ते फार मोठ्या आवाजात होतं.

घरी वहिनी दारातच उभ्या. "भाऊजी, विकून टाका. भंगारवाला देईल ते घ्या."

मी म्हटलं, आठ दिवस द्या.

माझा धंदा टीव्ही, मिक्सर, अॅम्प्लिफायर दुरुस्तीचा. गाड्यांतलं मला फारसं कळत नाही. पण थंड असताना चांगलं चालतं, तापलं की बंद, पुन्हा थंड झालं की चालू, हा रोग माझ्या टेबलावर दर महिन्याला येतो. कुठेतरी एखादा डाग सुटलेला असतो किंवा आत तार तुटलेली असते. थंड असताना टोकाला टोक टेकलेलं, तापल्यावर केसाएवढं लांब जातं. तेव्हा गाडीचं इंजिन विसरून मी तिच्याकडे बंद पडलेल्या टीव्हीसारखं बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसी लावून गाडी नकाणे तलावाच्या रस्त्यावर नेली आणि घिरट्या घालत बसलो. तासाभरात ती मेली. इतका आनंद मला गाडी बंद पडल्याचा कधी झाला नव्हता. :-)

पुतण्याला स्टार्टर मारायला लावला. एक प्लग काढून, वायर जोडून, बॉडीला टेकवून बघितला. ठिणगी नाही. पंपाचा आवाज? इंजिन फिरताना नाही. इथे मला पहिल्यांदा काहीतरी सापडलं. पंप गेला तर पेट्रोल जाईल, पण ठिणगी का जाईल? कॉइल गेली तर ठिणगी जाईल, पण पंप का थांबेल? दोघं एकाच वेळी संपावर जातात म्हणजे त्यांना काम देणाऱ्याच्याच ऑफिसात काहीतरी झालंय. आणि तो ऑफिसातला साहेब, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जिवंत होता. कारण किल्ली नुसती 'ऑन' केली की पंप दोन सेकंद गुणगुणून थांबायचा, तसा तो थांबवायचा हे साहेबाचंच काम. मग स्टार्टर फिरताना तो का बोलवत नाही त्याला?

पुतण्या म्हणाला, "काका, आरपीएमचा काटा बघा." इंजिन स्टार्टरवर गरागरा फिरतंय आणि काटा शून्यावर मेल्यासारखा. नेहमी तो थोडा तरी उचलतो.

म्हणजे साहेबाला इंजिन फिरतंय हे कळतच नव्हतं.

इंजेक्शनच्या गाडीत हे कळवणारा एक छोटा सेन्सर असतो, क्रँकच्या पुलीजवळ. पुलीला दात असलेली चकती, त्यातले एक-दोन दात मुद्दाम गाळलेले. चकती फिरली की सेन्सरमधल्या लोहचुंबकावर गुंडाळलेल्या बारीक तारेत वीज उमटते, आणि गाळलेली जागा आली की कॉम्प्युटरला कळतं पिस्टन कुठे आहे. त्यावरून ठिणगी कधी, पेट्रोल कधी. हा निरोप आला नाही तर कॉम्प्युटर दोन्ही बंद करतो आणि पंपही थांबवतो, कारण अपघात होऊन इंजिन थांबलं आणि पंप पेट्रोल ओततच राहिला तर आग लागायची. म्हणजे गॅरेजवाल्यानं ऐकलेली शांतता खरीच होती. पंप मेलेला नव्हता, हुकुमाची वाट बघत होता. आणि नवा पंप बसवेपर्यंत सेन्सर गार झाला, म्हणून गाडी चालू झाली. नानांचा पंचाही असाच. त्या पाऊण तासात पंचा नसता तरी ती चालू झाली असती... निदान मला तसं वाटत होतं.

रात्री सेन्सर काढला. एका बोल्टवर बसलेला, बोटाएवढा तुकडा. टेबलावर ठेवून मल्टीमीटर लावला तर साडेनऊशे ओहम, ठणठणीत. वहिनींकडे हेअर ड्रायर मागितला. त्यांनी तो दिला, पण न विचारता स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. नाना खुर्ची ओढून बसले. पुतण्याच्या हातात मीटर.

ड्रायर सुरू. आकडा हळूहळू चढायला लागला. ते साहजिक आहे, तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. हजार. एक हजार पन्नास. अकराशे. मग बराच वेळ काहीच नाही, माझा हात अवघडला, वहिनी म्हणाल्या, "माझा ड्रायर जळेल हं." आणि त्याच वेळी मीटरवरचा आकडा गेला, डाव्या कोपऱ्यात नुसता '१' उरला. माझ्या धंद्यात त्या एकट्या '१' चा अर्थ एकच, तार तुटलेली.

नानांनी काही न बोलता खांद्यावरचा पंचा माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि सेन्सरवर ठेवला. मिनिटभरात आकडा परत आला. त्यांनी तो पंचा काढला, मी पुन्हा ड्रायर लावला, पुन्हा '१'. हा खेळ आम्ही चारदा केला. खरं तर दोनदा पुरेसा होता.

"वाफ नही," नाना म्हणाले. थोडं थांबून, "पण पाणीच लागनं ना?"

लागलं. ते नाकारून मला काय मिळणार होतं? सोनगीरला पंचाचं पाणी ओघळून त्या सेन्सरवर गेलं असेल की नसेल हे मला आता कधीच कळणार नाही. वीसेक वर्षं खानदेशच्या उन्हात, इंजिनाला चिकटून बसलेली केसाएवढी तार. तिचा तरी काय दोष!

नवा सेन्सर मुंबईहून कुरियरनं चार दिवसांत आला. पंपाला लागलेल्या पैशांच्या चौथाईतही तो बसला. पण वहिनींचा प्रश्न पैशाचा नव्हता. सेन्सर बसवत असताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुन्हा बंद पडणार नाही, असं लिहून द्याल?"

मी बराच वेळ पाना फिरवत राहिलो. शेवटी खरं तेच सांगितलं. ह्या कारणानं नाही पडणार. दुसऱ्या कारणानं पडू शकते, जुनी आहे. मग त्यांनी लळिंगचं विचारलं. ट्रकचं त्यांना माहीत होतं. कुठून कळलं देव जाणे.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुतण्याला मोकळ्या मैदानात नेलं. हळू वेगात इंजिन बंद करायचं, किल्ली मात्र लगेच 'ऑन'वर आणायची, बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. ब्रेक पुन्हापुन्हा पंप करायचा नाही, एकदाच दाबायचा आणि दाबूनच धरायचा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. चारही इंडिकेटर. पंधरा-वीस वेळा करून घेतलं. पोराचे खांदे दुखायला लागले. पहिल्या दोन वेळा त्याचा चेहरा पांढरा पडत होता, नंतर तो कंटाळला. तो कंटाळला तेव्हा मला बरं वाटलं. मग वहिनींनाही गाडीत बसवलं आणि त्याच्या शेजारी बसून तेच बघायला लावलं. त्यांनी एकदा स्वतः चाक धरून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं जड?"

रविवारी, भर दुपारी दोन वाजता, मुद्दाम एसी लावून आम्ही सगळे सोनगीरला निघालो. नगावबारी गेली तसं सगळे गप्प झाले. मी पुढे पुतण्याच्या शेजारी, नजर त्या आरपीएमच्या काट्यावर. आम्ही बंद पडलो होतो ती जागा आली आणि गेली. सोनगीरला तांब्या-पितळेच्या दुकानांपाशी थांबलो, वहिनींनी एक तांब्या घेतला, गाडी तशीच उन्हात चालू ठेवली, पाऊण तास. पेट्रोल किती जळलं विचारू नका, १.६ पालिओ आहे.

परत येतानाही पुतण्यानंच चालवली. वहिनी मागे नव्या तांब्यासकट झोपल्या होत्या. त्यांच्या शेजारी नाना जागे बसले होते, मांडीवर ओला पंचा घडी करून.