बाजार रसेलचा, दवाखाना सेठसाहेबांचा

बंगळूरच्या शिवाजीनगर बस स्टँडवर उतरणारा मराठी माणूस सुरुवातीला थोडा बिचकतो. पाटीवरचं नाव घरचं, पण कानावर पडते ती तमिळ, कन्नड आणि दख्खनी उर्दू. तो बाजाराच्या दिशेने चार पावलं चालतो. तिथे एखादं गिऱ्हाईक पपईचा भाव फारच पाडून मागतं आणि फळवाला मान हलवून म्हणतो, 'नक्को!' मग मात्र पाहुण्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. आपलाच 'नको' तीन-चारशे वर्षांपूर्वी दख्खनी बोलीत जाऊन बसला, तो एक 'क' जास्तीचा घेऊन इथे सुखाने नांदतो आहे.

समोर उभं असतं रसेल मार्केट. कमानी, मनोरे आणि घुमटांचा तो जुना इंडो-सारसेनिक थाट. आत चारशेहून अधिक गाळे. एका अंगाला फळांच्या उतरंडी, दुसरीकडे भाजी, पलीकडे मटण-मासळी, आणि शेवंती-मोगऱ्याचा वास मासळीच्या वासाशी सतत भांडत असलेला. शेजारी सेंट मेरी बॅसिलिकाचं उंच टोक. रमझानच्या रात्री या भागात झोप नावाची चीज नसते. कबाब, समोसे, हलीम यांच्यासाठी सगळ्या शहरातून, सगळ्या धर्मांची खवय्ये मंडळी इकडे लोटतात.

मार्केटचं बांधकाम १९२७ चं. टी. बी. रसेल हे त्या वेळचे इथले म्युनिसिपल कमिशनर, त्यांचंच नाव बाजाराला मिळालं. पण १९३३ साली बाजार सुरू झाला तेव्हा उद्घाटनाचा मान गेला एका व्यापाऱ्याकडे. हाजी सर इस्माइल सेठ. वय वर्षं चौऱ्याहत्तर. ज्या छावणीच्या बाजारपेठेत उभी हयात घातली, तिच्यातल्या सर्वांत देखण्या मंडईचं दार उघडायला या म्हाताऱ्या दुकानदाराला बोलावलं गेलं आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३४ मध्ये, त्याचं निधन झालं. आज मंडईत संत्री निवडणाऱ्या दहा जणांना विचारलं तर रसेल कोण हे दहाही जणांना सांगता येणार नाही. सेठसाहेबांचं नाव मात्र एक-दोघांना तरी नक्की माहीत असतं, आणि त्याचं कारण हा बाजार नाही.

नावांचं गाव

शिवाजीनगरमध्ये नावं हा तसा नाजूक विषय. इथल्या जुन्या वस्तीचं नाव होतं ब्लॅकपल्ली. पांढऱ्या तांदळाचं गाव म्हणून 'बिळी अक्की पळ्ळी', त्याचं गोऱ्यांनी ब्लॅकपल्ली केलं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. 'काळ्यांची वस्ती' म्हणून ब्लॅकपल्ली, असंही म्हटलं जातं. १८०९ साली इंग्रजांनी बंगळूरला लष्करी छावणी वसवली, तेव्हा तिच्या पोटापाण्याची सोय करणारे तमिळ मजूर, खाटीक, शिंपी, दूधवाले, ठेकेदार या बाजूला राहायला आले. पुढे या भागाला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. ते काही अगदीच उपरं नाही. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर बंगळूर आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेलं. त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजीराजे पुढे तंजावरला गेले, तोवर भोसल्यांचं हे घरचं ठाणं होतं.

नावाचा प्रश्न अगदी अलीकडेही पेटला. इथल्या भुयारी मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव द्यावं अशी शिफारस करू, असं आश्वासन कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये बॅसिलिकाच्या उत्सवात दिलं. लगेच महाराष्ट्रातून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचा निषेध केला. दोन राज्यांतली वर्तमानपत्रं काही दिवस गाजली. मार्केटमधले भाजीवाले मात्र पूर्वीसारखेच 'दस रुपया, दस रुपया' करत राहिले असतील, यात शंका नाही.

या बॅसिलिकातली मेरीमाता साडी नेसते, हे इथे सांगितलंच पाहिजे. आजची गॉथिक धाटणीची इमारत १८८२ साली पूर्ण झाली. दरवर्षी ८ सप्टेंबरला मातेचा रथ निघतो आणि दर्शनाच्या रांगेत बुरखेवाल्या बायकाही दिसतात, मळवट भरलेल्याही दिसतात. आपल्याकडे वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत दिसतं तेच चित्र.

कच्छहून आलेली पेढी

इस्माइल सेठ यांचा जन्म १८५९ चा. घराणं कच्छी मेमनांचं. आपण 'शेठ' म्हणतो तोच शब्द. दक्षिणेत हा समाज तो आडनावासारखा लावतो. सिंधमधल्या लोहाणा व्यापाऱ्यांपैकी काहींनी पंधराव्या शतकात इस्लाम स्वीकारला आणि ते कच्छात येऊन स्थिरावले, ही या समाजाची परंपरा. दुष्काळाने आणि धंद्याच्या ओढीने ते पुढे मुंबई, कराची, कोची, मद्रास आणि म्हैसूर संस्थानापर्यंत पसरले. मोहम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीपाशी जाऊन आलेल्या मुंबईकराला मेमन कोण हे वेगळं सांगायला नको. घरात कच्छी, दुकानात गिऱ्हाइकाची भाषा आणि हिशेबाची वही गादीखाली, हा त्यांचा शिरस्ता.

या समाजाची एक गंमत आहे, आणि ती मुंबईच्या कोर्टात घडलेली आहे. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींचा दावा आला. कुराणाप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत आम्हाला वाटा हवा, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने या समाजाची जुनी चालरीत तपासली आणि ती हिंदूंसारखी आहे, असं ठरवून मुलींना वाटा नाकारला. पुढे जवळजवळ शंभर वर्षं, १९३८ चा कायदा होईपर्यंत, कच्छी मेमनांच्या वारसाचे खटले हिंदू कायद्याच्या धोरणाने चालत राहिले. धर्म एक, वारसा दुसरा, आणि दोन्हीकडून बाईच्या वाट्याला कमीच! इस्माइल सेठ वाढले ते अशा समाजात. पेढी हेच कुटुंब, कुटुंब हीच पेढी आणि बायका पडद्याआड.

ते ऐन उमेदीत असताना छावणीचा रंग बदलत होता. १८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य वडियार घराण्याला परत केलं. बंगळूरची छावणी मात्र 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन' म्हणून स्वतःच्याच ताब्यात ठेवली. एकाच शहरात दोन कारभार. पेठेत महाराजांचा, छावणीत रेसिडेंट साहेबाचा. साहेब आला की त्याच्यामागे त्याच्या गरजा येतात. बिस्किटांचे डबे हवेत, लोकरीचे सूट हवेत, मडमांना टोप्या हव्यात. या उलाढालीत गोऱ्या कंपन्या पुढे असणार हे उघडच होतं. जॉन बिन्नी या स्कॉटिश व्यापाऱ्याने मद्रासेत रोवलेल्या बिन्नी कंपनीकडे बंगळूरची मोठी कापड गिरणी होती. स्कॉटिश मंडळींचं इथे १८६० च्या दशकात बांधलेलं स्वतःचं चर्चही आहे, सेंट अँड्र्यूज. या गर्दीत एका कच्छी मेमनाने सेंट मार्क्स रोडसारख्या साहेबी रस्त्यावर दुकान थाटलं आणि नाव काय ठेवलं? 'इंग्लिश वेअरहाऊस'! गिऱ्हाइकाला काय आवडतं हे ओळखण्यात माणूस किती तरबेज होता, ते या दोन शब्दांत कळतं.

धंदा वाढत गेला, तशी सरकारदरबारी उठबसही वाढली. इंग्रजांनी 'सर' केलं. 'फख्र-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचं भूषण, ही पदवीही नावामागे लागली. हजची यात्रा केली म्हणून 'हाजी'. पदव्यांची ही माळ पाहून कोणी म्हणेल, गोऱ्यांची मर्जी राखणारे असे धनिक त्या काळी गावोगाव होते. होते खरे. स्वातंत्र्याच्या चळवळीत ज्यांनी घरदार उधळलं, त्यांच्या रांगेत सेठसाहेबांना बसवण्याचं काही कारण नाही. त्यांचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. १८९८ च्या प्लेगनंतर छावणीची गर्दी कमी करायला फ्रेझर टाऊन वसवलं गेलं. तिथे त्यांनी मशीद बांधली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यासमोरचा रस्ताच मॉस्क रोड झाला. पण मशीद बांधणारे श्रीमंत पुष्कळ असतात. सेठसाहेबांनी आणखी एक गोष्ट केली.

गोषा

'गोषा' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. सरदार घराण्यांतल्या 'गोषातल्या' बायका जुन्या कादंबऱ्यांतून भेटतात. पडद्यातली बाई परपुरुषाच्या नजरेला पडायची नाही. मग तो परपुरुष डॉक्टर असला तर? बाळंतीण अडली, ताप उतरेना, तरी दवाखान्यात जायचं नाही. सुईण आहे, नशीब आहे. या हट्टापायी किती बायका गेल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

ही अडचण एका धर्माची नव्हती. १८८३ साली अमेरिकेला निघताना आनंदीबाई जोशी सेरामपूरच्या सभेत हेच सांगत होत्या की, हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात. १८८५ मध्ये मद्रासला मेरी शार्लीब यांच्या पुढाकाराने 'कास्ट अँड गोषा हॉस्पिटल' निघालं. लगेच १८८६ मध्ये मुंबईत पेस्तनजी कामांच्या देणगीतून बायकांसाठी कामा हॉस्पिटल उभं राहिलं. बंगळूरच्या छावणीत बाउरिंग हॉस्पिटल होतं, त्याला लेडी कर्झन यांच्या नावाने स्त्रियांची सोयही जोडली गेली होती. तरी कडक पडद्यातल्या घरांचा उंबरठा ओलांडायला ती पुरत नव्हती.

सेठसाहेबांनी १९२५ साली शिवाजीनगरात गोषा हॉस्पिटल उभं करून दिलं. फक्त बायकांसाठी.

त्यांनी पडदा मोडा असं म्हटलं असतं तर आज त्यांना समाजसुधारक म्हणता आलं असतं. तसं ते म्हणायला गेले नाहीत. पण एक हिशेब इथे साफ दिसतो, आणि तो मुरलेल्या दुकानदाराचा आहे. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर त्याला नावं ठेवून चालत नाही, दाराची रचना बदलावी लागते. पडदा उठायला आणखी पन्नास वर्षं लागतील, अडलेल्या बाळंतिणीला पन्नास वर्षं थांबता येत नाही. साहेबासाठी 'इंग्लिश वेअरहाऊस' आणि पडद्यातल्या बाईसाठी गोषा हॉस्पिटल, या दोन्हींमागची अक्कल एकच आहे. यातून पडद्याला एक प्रकारे मान्यताच मिळाली, असा आक्षेप घेता येईल. तो खोटाही नाही. पण ज्या घरातली सून या दारातून जिवंत, कडेवर मूल घेऊन बाहेर आली, त्या घराला तो पटवून देणं अवघडच.

मद्रासचं ते जुनं गोषा हॉस्पिटल पुढे कस्तुरबा गांधींच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बंगळूरला नाव टिकलं. पाटीवर ते लांबलचक आहे, हाजी सर इस्माइल सेठ गोषा हॉस्पिटल. एवढं मोठं नाव घ्यायला शिवाजीनगरात कोणाला सवड नाही. रिक्षावाल्याला 'गोषा' म्हटलं की पुरतं.

रसेल मार्केटने तोवर एक मोठं संकट पाहिलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये पहाटेच्या आगीत शंभराहून अधिक दुकानं जळून गेली. रमझानच्या खजुरांपासून ख्रिसमसच्या सुक्या मेव्यापर्यंत सगळ्यांचे सण जिथून साजरे होतात, तिथे नुसती राख. गाळेवाल्यांनी हात जोडून बसण्याऐवजी पदरचे पैसे घातले आणि दुकानं पुन्हा लावली. यातल्या कित्येकांचे आजे-पणजे १९३३ साली रस्त्यावरच्या पाट्या उचलून या छपराखाली आले होते. इस्माइल सेठांच्या धंद्यातले नसले तरी जातकुळी तीच.

मार्केटमधून बाहेर पडून गुजरीतल्या जुन्या स्पेअर पार्टसच्या ढिगाऱ्यांमधून, कपड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांमधून वाट काढत गोषा हॉस्पिटलपर्यंत पायी जाता येतं. हे आता सरकारी रुग्णालय आहे. बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांची नेहमीची गर्दी असते. कोणी थर्मासमधून कॉफी आणलेली, कोणी कापडी पिशवीत बाळंतिणीचं जेवण बांधून आणलेलं. बुरखेवाली सासू आणि गजरा माळलेली आई एकाच बाकावर बसून आतल्या दाराकडे डोळे लावून असतात. नर्स दार किलकिलं करून कन्नडमध्ये नाव पुकारते, कळलं नाही तर तमिळमध्ये, नाहीच तर दख्खनीत. मग कोणीतरी घाईघाईने उठतं, आणि 'मुलगा की मुलगी' हे विचारायला मागे सगळा व्हरांडा उठतो.