थकलेल्या डोक्याला विचारू नकोस

सेक्टर ६, भिलाई
११ मे २०२५

चि. भाचेबुवा,


परवा ताईचा फोन आला होता. सराव पेपरात पहिले दोन तास तुझी गाडी सरळ चालते आणि मग चिन्हं उलटी होतात, एककं राहून जातात, येणारी गणितंही हातची निसटतात, असं ती सांगत होती. तिच्या मते तुझं लक्ष लागत नाही आणि त्यावर भिजवलेले बदाम हा उपाय. बदाम खा, नुकसान काही नाही. पण माझं निदान वेगळं आहे. ते फोनवर सांगायला गेलो असतो, तर तू ‘हो मामा, हो मामा’ करत फोन आईच्या हातात दिला असतास. म्हणून हे पत्र.

येत्या रविवारी, १८ तारखेला, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. सकाळी ९ ते १२ पहिला पेपर, दुपारी अडीच ते साडेपाच दुसरा, दोन्ही सक्तीचे. एका दिवसात सहा तास स्क्रीनसमोर, तेही ऐन मे महिन्यात. थकवा येणारच. ‘थकायचंच नाही’ असा पण करून निघालेली मुलं मी भिलाईत पुष्कळ पाहिली. या गावात घरटी एक जेईईवाला असतो. स्टील प्लांटच्या शाळांतून आयआयटीत जायची रीत जुनी, आणि २०१६ पासून तर गावाच्या नावाची आयआयटीच झाली. त्या पणाने थकवा थांबत नाही. तो आलाय हे कबूल करायला मात्र उशीर होतो, आणि गुण जातात ते त्या उशिरात.

मी रेल मिलमध्ये तपासणीला होतो, हे तुला ठाऊक आहे. पुढून रूळ सरकत जातात आणि आपण त्यांच्यावरची चीर, खवला, घडी शोधायची. बहुतेक रूळ चांगलेच असतात, आणि नेमकी तीच अडचण. चांगलं बघत राहिलेला डोळा पुढचंही चांगलंच असणार असं धरून चालतो. डोळ्यांत तेल घालून बघा, असं साहेब सांगत. ते तेल किती वेळ पुरतं, हे कुणी सांगत नसे.

ते मोजलं होतं नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या माणसांच्या नजरेतून खुणा का सुटतात, हा प्रश्न होता. त्याने साध्या तबकडीवर ठेक्यात पुढे सरकणारा काटा ठेवला. तो काटा क्वचित एकदम दुप्पट उडी घेई आणि तेवढीच पकडायची होती. बसायचं दोन तास. १९४८ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की पहिल्या अर्ध्या तासानंतरच सुटलेल्या उड्या वाढतात. अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा अशा पाळ्या लावल्या, की ही घसरण टळते. तुझ्या पेपरात अर्ध्या तासाचा विसावा नाही, पण अर्ध्या मिनिटाचा घ्यायला कुणाची हरकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री सहाच तास झोपू दिलं. अखेरीला त्यांचं लक्ष एक रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांइतकं ढासळलं होतं, पण त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप आल्यासारखं वाटत होतं. थकवा सूत्रं पळवत नाही, ती तुझ्या डोक्यातच असतात. तो आधी नेतो ती स्वतःकडे बघायची नजर. ‘अजून दोन मिनिटं, सुटेलच हे’ असं तिसऱ्या तासाला वाटतं, ते त्या नजरेविना वाटतं. म्हणून प्लांटमध्ये रात्रपाळीला पहाटे तीन वाजता कुणी नवी शक्कल लढवायची नसते. दिवसा, ताज्या डोक्याने लिहून ठेवलेली कार्यपद्धती असते, ती पाळायची.

तूही तसंच कर. नियम आज ठरव, परीक्षेत फक्त पाळ. माझा कच्चा मसुदा असा. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर प्रश्न सोडायचा. वाट दिसूनही पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तरी सोडायचा, मग तो कितीही जवळचा वाटो. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतोयस असं दिसलं, की नजर स्क्रीनवरून काढून लांबच्या भिंतीवर टाकायची, पाठ टेकायची, घोटभर पाणी प्यायचं आणि परतताना विषय बदलायचा. चिन्ह आणि एकक उत्तर सेव्ह करण्याआधीच बघायचं, शेवटी नाही. थकलेला डोळा आपलीच चूक बरोबर म्हणून वाचतो. ओळखीचे प्रश्न सगळे सुरुवातीलाच संपवू नकोस, थोडे शेवटच्या अर्ध्या तासासाठी राख. आणि शेवटच्या वीस मिनिटांत, चुकीला उणे गुण असलेल्या प्रश्नावर नवा अंदाज नाही. पेपरचा आराखडा दरवर्षी बदलू शकतो, कुठे उणे गुण, कुठे अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण. तेव्हा सूचना पूर्ण वाचायच्या, हाही नियमच.

आता मधले अडीच तास. दुसरा पेपर नेमका दुपारच्या सुस्तीत येतो. ती नुसती जेवणाची नव्हे, शरीराच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो. पोटभर जेवलास तर उतारावर धक्का. नेहमीच्या निम्मं खा, सवयीचं खा, सोबत मीठ घातलेलं कैरीचं पन्हं. उन्हाळ्यात इथली मंडळी बोरे-बासी खातात, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदा आणि मिरची. मला फार आवडते, पण त्यानंतर मी पंख्याखाली आडवा होतो. तेव्हा ती परीक्षा झाल्यावर, इथे आलास की.

आणि पहिल्या पेपरवर चर्चा नको. पाळी बदलताना आम्ही लॉगबुक लिहून सही करायचो आणि पुढचं यंत्र पुढच्या माणसाचं. बारा वाजता तूही सही करून सुटलास असं समज. अडीचला बसेल तो दुसरा गडी, त्याला सकाळचा हिशेब माहीत असायची गरज नाही. उत्तरं पडताळणारा घोळका दिसला तर सावलीत लांब जाऊन डोळे मिटून बस.

झोप एका रात्रीत भरून निघत नाही, म्हणून आजपासून वेळेवर. या आठवड्यातले दोन-तीन दिवस नऊ आणि अडीच याच वेळांना, कॉम्प्युटरवर, साध्या खुर्चीत दोन्ही पेपर सोडवून बघ. वरचे आकडे माझे आहेत, ते बदलून तुझे कर. सरावात जो नियम दोनदा मोडला जाईल, तो शुक्रवारी खोडून टाक. न पाळता येणारा नियम म्हणजे थकलेल्या माणसापुढे आणखी एक निर्णय, आणि तोच तर आपल्याला टाळायचा आहे. उरतील ते चार-पाच पाठ करून जा.

ताईला आणि भावोजींना नमस्कार सांग. तिला म्हणावं, रविवारी दुपारी तुला ‘कसा गेला पहिला?’ असं विचारायचं नाही, मीही विचारणार नाही. मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा